वळूचा बैल

या, सरका जवळ मायबाप, मोंटानातल्या एका दवाखान्यात ऐकलेली गोष्ट सांगतो. गुरंवाला वर्लिन नसबंदीला आला होता, सोबत मेव्हणा ऑरिन.

“चल घरी, ऑरिन. मला वळूचा बैल नाही व्हायचं.”

“दाजी, खच्ची कोण करतंय? नुसत्या नळ्या कापतात. माजावरच्या गाई हेरायला ठेवलेल्या तुमच्या वळूच्या कापल्यात, तशा.”

“तशाच?”

“अगदी. मग जोर ओसरला का त्याचा?”

“कसला! परवाच गाईंपायी कुंपण मोडलं लेकाच्यानं.”

“आणि आमची लिओटाताई चौथ्या बाळंतपणात मरता मरता वाचली.”

“माहीत आहे रे.”

नर्सनं नाव पुकारलं. वर्लिन उठला.

“ताईला फोन करतो. काय सांगू?”

“म्हणावं, आता भिऊ नकोस.”

मायबाप, देवापुढे हात जोडाल तेव्हा लिओटाची आठवण असू द्या.