शिंदीची झाडं तोडली तवा

माझं माहेर पालमकडचं. लगीन होऊन जिंतुरात आले, तवा निजामाचं राज व्हतं. आमचे मालक शिंदीच्या झाडावर चढून रस उतरवायचे, अन् त्यो रस जिथं इकायचे त्या शिंदीखान्याच्या दारात माझी चूल. काय सांगू तुमाला, ती गल्ली म्हंजी नुसता वास! तोंडाशी हलवायाची जिलेबी, मग कासीमचाचाचे कबाब, त्याच्या बाजूला मी, भाजलेली सुकट, हरभऱ्याच्या घुगऱ्या, लसणाचा ठेचा, अन् मागं आंबूस शिंदीची मडकी. माणसं घोट घ्यायचे, म्हनायचे, सखूबाई, मिरची लय झाली, अन् पुन्हा तेच मागायचे. माझी चूल इझली की चाचा त्याच्या भट्टीतला इंगळ द्यायचा, म्हनायचा, ले बहन.

मग चळवळ आली. शिंदीच्या करावर निजामाचं सरकार जगायलंय, झाडंच तोडा, असं पोरं म्हनायलीत. एक दिस सकाळीच वढ्याकडून कुऱ्हाडीचा आवाज आला. पळत गेले तर म्होरं माझा सख्खा भाऊ, किसन. मालक झाडाला मिठी मारून उभे. किसन म्हनला, दाजी, सरका, देशाचं काम हाय. मालक म्हनले, मग माझ्या हाताला काम कोन देईल रे? किसनच्या डोळ्याला पानी आलं, पर कुऱ्हाड काय त्यानं खाली ठेवली न्हाई. मीच मालकाला वढून बाजूला केलं. तेवढं एक जिवाला लागलंय बघा, मीच वढलं.

शिंदीखाना बंद पडला, गिऱ्हाईक तुटलं, हलवाई गेला. मालक दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायचे, पर भुईवर बसले की म्हनायचे, इथून काहीच दिसत न्हाई गं. मग कुठंतरी चोरून गाळलेली दारू प्याले, दोन दिसांत डोळे गेले, आठव्या दिशी तेबी गेले. निजामाचं राज गेलं तवा चाचा भ्याला, म्हनला, अब यहाँ कौन खाएगा, अन् लेकरं घेऊन हैदराबादकडं गेला. त्याचा निरोपबी आला न्हाई कधी.

मालक गेल्यावर किसन आला व्हता, पायरीवर बसून रडला. मी भाकर वाढली, त्यानं खाल्ली. त्याचं चुकलं असं म्हनता येईना, बरं केलंस असं तोंडातून निघंना. तसाच गेला त्यो, अन् तसाच मेला.

आता मी चारठाण्याला लेकीपाशी असते, ती वाढती ते खाते, जिभेला चवच कळंना. तुमी लिवायलाव तर लिवा बाबा, त्यानं काय व्हनार हाय! जावा, ऊन व्हायच्या आत घर गाठा, सुखी ऱ्हावा.