जसं लिहिलंय तसं

ताई : ...आणि शेवटी लिहिलंय, ‘अनेबल टू लोकेट पॅकेज’. म्हणजे काय रे?

भाऊ : म्हणजे सापडत नाही. नाव नीट टाइप केलंस ना?

ताई : एकेक अक्षर तू सांगितलंस, एकेक मी दाबलं. तिसऱ्यांदा!

भाऊ : मग कंप्यूटरच्या या नव्या लिनक्समध्ये तो वाचणारा आवाज नाहीच.

ताई : अरे, परवा मी आले तेव्हा तो घोगऱ्या तुला धडाधड वाचून दाखवत होता की!

भाऊ : काल सिस्टीम अपग्रेड केली, त्यात तो पुसला गेला. जुनी आता सुरक्षित नाही, असं रोज तोच वाचून दाखवायचा.

ताई : मग दुसरा आवाज टाकू. आवाजांना काय तोटा आहे?

भाऊ : बाकीचे आवाज चुकलेला शब्द गुळगुळीत करून वाचतात. हा जसं लिहिलंय तसं वाचायचा. म्हणून तर माझ्यासारख्या आंधळ्या माणसाला छापखानेवाले प्रुफं तपासायला देत होते.

ताई : ज्याने बनवला त्याला विचार.

भाऊ : तो वारला. त्याची साइटही बंद झाली.

ताई : कॉपी ठेवली नाहीस?

भाऊ : रोज शेजारी बसून बोलणाऱ्या माणसाची कॉपी कोण ठेवतं?

ताई : छापखान्यात सांग, थोडे दिवस थांबा म्हणावं.

भाऊ : सांगितलं सकाळी. म्हणाले, ‘काका, आता आराम करा.’

ताई : गोड बोलून वाटेला लावलं मेल्यांनी! पण काय रे, इतकं सगळं काढून टाकताना हा कंप्यूटर विचारत नाही?

भाऊ : विचारलं ना. काय काय काढणार, त्याची नावं त्यानेच वाचून दाखवली. ही लांबलचक यादी. मी एंटरवर बोट ठेवून कंटाळलो होतो.

ताई : आणि?

भाऊ : मध्येच त्याने स्वतःचं नाव वाचलं. त्याच सुरात. मी ऐकलं, ताई. वाटलं, नवा येणार असेल म्हणून जुना काढतोय. दाबलं ‘हो’.

ताई : अरे देवा.

भाऊ : जन्मापासून दिसत नाही, त्याचं कधी एवढं वाटलं नव्हतं. काल हे खोकं गप्प झालं आणि मी आंधळा झालो.

ताई : असं बोलू नकोस रे. मी येत जाईन रोज. मी वाचते प्रुफं.

भाऊ : तू? माझं प्रगतिपुस्तकसुद्धा तू सुधारून वाचायचीस.

ताई : रडला असतास.

भाऊ : रडलो असतो.

ताई : मग माझ्याकडे चल राहायला, एक खोली रिकामीच आहे. आई गेल्यापासून म्हणतेय.

भाऊ : तेव्हा मला काम होतं. बंद कर ते खोकं.

ताई : थांब हं. विचारतंय, नक्की बंद करायचं का?

भाऊ : ताई, तुझ्याकडच्या त्या खोलीचं दार आत उघडतं की बाहेर?