खिडकी बुजवू नकोस

— नाही नाही, आधी इथूनच हाक मारून त्या गवंड्याला थापी खाली ठेवायला सांग, मग बस, बोलू. तुझं घर, तुझी भिंत, खिडकी बुजवायचा हक्क तुझाच — मी कोण कायदा सांगणार, मी जन्मभर खगोलशास्त्र शिकवलं, तेही बरोबर शिकवलं की नाही देव जाणे. आमची ही रोज सकाळी काळा कोट चढवून तुमच्या खिडकीकडे बोट रोखते, तुझ्या बायकोला ‘प्रतिवादी’ म्हणून दटावते — ती बिचारी केस विंचरत असते — मान्य, सगळं मान्य. पण ती खिडकी आली कुठून, ठाऊक आहे? वाऱ्यासाठी? समोर आमची मोरी, वारा कसला येतोय, कप्पाळ!

मीच पाडली रे ती. म्हणजे छिन्नी तुझ्या बाबांची, हातोडा माझा. ही इथल्या कोर्टातली पहिली बाई वकील. पहिल्याच दिवशी शिपायाने विचारलं, काडीमोडाला आलात का? वर्ष सरलं, एक पक्षकार फिरकेना. संध्याकाळी कोट खुंटीला लावायची आणि त्याच्याकडेच बघत बसायची. शेवटी तुझ्या बाबांना म्हटलं, गड्या, माझ्यावर काहीतरी अन्याय कर. ते म्हणाले, कुठे करू? मी तुमच्या भिंतीवर, बरोबर आमच्या मोरीसमोर, खडूने चौकोन काढून दिला. — हसतोस काय! अशी भांडली, अशी भांडली — दावा फेटाळला गेला, पण बाहेर पायरीवर तीन बायका हिची वाट बघत उभ्या! मग काय, घरात बसायला जागा नाही इतके पक्षकार.

हिला सांगायचं राहिलं. आज सांगू, उद्या सांगू — आता काय सांगणार? तिच्या डोक्यातून मुलांची नावंसुद्धा गेली. सकाळी मला बघून दचकते, कोण हा म्हातारा म्हणून. मग नजर खिडकीवर जाते आणि चेहरा उजळतो — ‘अहो, तुम्ही तर माझे पक्षकार! बसा, घाबरू नका.’ मी बसतो. घाबरलेलाच असतो, पण बसतो. खिडकी गेली की खटला गेला — मग मी तिचा कोण रे?

श्श! तिच्या चपला वाजल्या. तू असा गोडीने बसलेला दिसलास तर परस्पर तडजोड केली म्हणून मलाच झापेल. आवाज चढव! बाप काढ माझा — लाजतोस काय, तुझ्या बाबांनी भर कोर्टात मला बोकड म्हटलं होतं, आणि बाहेर येऊन चहा पाजला. हं, अस्सं! चालता हो माझ्या घरातून! — आणि दार आपट. जोरात आपट, तिला कमी ऐकू येतं.