पहिला पगार आणि ओले बोंबील

...आणि वर मलाच विचारतात, 'पोट भरलंय ना? मग चल.' आता तुम्हीच सांगा, बाहेर जायला नटून उभ्या राहिलेल्या बायकोला हे विचारायचं असतं? लोकांचे नवरे विचारतात, गजरा आणू का, नाहीतर निदान चिडून तरी विचारतात की अजून किती वेळ लावणारेस. आमचे हे दाराला कुलूप लावता लावता माझ्या पोटाची चौकशी करतात! सिनेमाला जायचंय, आधी पोहे. मॉलमध्ये जायचंय, आधी थालीपीठ. चौपाटीला भेळ खायला जायचंय, तर आधी घरी भेळ. लग्नाला मात्र सकाळपासून उपाशी नेतात हं, तिथे पोटाची चौकशी नाही.

तुम्हाला सांगते, माणूस वाईट नाही. मधुकर नाव, न्हावाशेव्याच्या एका ऑफिसात हिशोबाचं काम करतात, दारू नाही, तंबाखू नाही, कुणाशी भांडण नाही, फक्त हा एक सिद्धांत आहे. काय, तर म्हणे, 'जयमाला, बाहेरची मजा अजून स्वस्त आहे, बाहेरची भूक महाग झालीय.' मॉलमधला एसी फुकट, सरकता जिना फुकट, बसायला बाकडं फुकट... पैसे कधी जातात? भूक लागली की. म्हणून पोट भरलंय ना, मग चल. आणि गेलो की आम्ही दोघं असे तृप्त चेहऱ्याने फिरतो की दुकानदारसुद्धा बोलवत नाहीत.

आणि ह्यांचं अगदीच चुकतं असंही नाही हो. आम्ही उलव्याला राहायला आलो तेव्हा इथे संध्याकाळी बोलायला माणूस मिळत नव्हता, आता एअरपोर्ट आला, माणसं आली आणि त्यांच्या मागोमाग भाव आले. कोथिंबिरीची जुडी महागली, म्हटलं का रे बाबा, तर भाजीवाला म्हणतो, 'ताई, एअरपोर्ट आला ना.' इस्त्रीवाला तेच, सोसायटीचा मेन्टेनन्स वाढला तेव्हा सेक्रेटरी तेच. अरे, एअरपोर्ट विमानांसाठी आला, माझ्या कोथिंबिरीचा त्यात काय संबंध? ती काय दुबईला जाते?

पण आमचे हे डगमगले नाहीत. त्यांनी एअरपोर्टवरच सूड उगवला. दर रविवारी संध्याकाळी सोसायटीच्या गच्चीत चटई टाकायची, डब्यात चिवडा, थर्मासमध्ये चहा, आणि विमानं बघायची. 'हे बघ,' मला म्हणतात, 'आत बसलेल्याला काय दिसतं? पुढच्याचं डोकं. विमानाची खरी मजा खालून आहे, आणि खालून तिकीट नाही.' आणि तुम्हाला खरं सांगू का, मजा येते. वारा असतो, चिवड्यात शेंगदाणे मी मुद्दाम जास्त घालते, आणि हे प्रत्येक विमानाला हात करतात. पन्नाशी उलटलेला माणूस हो, हात करतो. मी हसून हसून बेजार.

तर सगळं असं बेतात, मजेत चाललेलं असताना झालं काय, आमच्या मनस्वीला नोकरी लागली. एकुलती एक मुलगी, महाप्याला कंपनी, आणि पहिला पगार हातात आला तशी घरात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, 'रविवारी संध्याकाळी तुम्हा दोघांना मी बाहेर जेवायला नेणार. कुठे ते सांगणार नाही. आई, ती निळी साडी नेस. आणि बाबा, मेन्यू कार्डावर उजवीकडे बघायचं नाही.' काय चेहरा होता पोरीचा, काय सांगू तुम्हाला... लहानपणी शर्यतीत दुसरी आली होती तेव्हा असा होता.

ती आंघोळीला गेली आणि ह्यांनी मला स्वयंपाकघरात ओढलं. 'जयमाला, पोरीचा पहिला पगार आहे. एका जेवणात उडवणार ही. आपण घरून जेवून जाऊ.' मी म्हटलं, 'अहो, तिने हौसेनं...' 'हौस तिची होऊ दे ना,' म्हणाले, 'तिथे जाऊन म्हणायचं, बाळा, हल्ली रात्रीचं फार जात नाही, आम्ही दोघांत एक सूप घेतो. तिची हौसही होईल आणि पैसेही वाचतील.' लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या दिवशी पहिल्यांदा मला ह्यांचा सिद्धांत पटला. आईचं काळीज हो, पोरीचे पैसे वाचतायत म्हटल्यावर मीही पाघळले.

आता जेवून जायचं तर काहीतरी हलकं खाऊन जायचं की नाही? पण नाही. हे रविवारी सकाळी दिवाळ्याच्या कोळीवाड्यात जाऊन ओले बोंबील घेऊन आले. तिथे त्यांची ठरलेली कोळीण आहे, सखू. तिने विचारलं, 'सायेब, पावने हायेत का घरान?' आणि ह्या भल्या माणसाने खरं सांगितलं की पाहुणे नाहीत, संध्याकाळी आम्हीच हॉटेलात चाललोय. सखू बिचारी बघतच राहिली म्हणे. 'हाटेलान जेवाला जायाचा, तं म्हावरा कनाला नेतंस?' ह्यांनी तिला सिद्धांत समजावून सांगितला. तिने कीव करून दोन बोंबील वरती घातले.

मनस्वी दुपारीच मैत्रिणीकडे सीवूड्सला गेली होती, तिथून परस्पर टॅक्सी घेऊन आम्हाला न्यायला येणार होती. म्हटलं, चला, रान मोकळं. रवा लावून बोंबील तळले, कडेने कुरकुरीत, आत लोण्यासारखे. तांदळाची भाकरी केली, सोलकढी केली, वर भात. हलकं खायचं म्हणून बसलो आणि एकमेकांना आग्रह करकरून जेवलो. 'घ्या हो, उरला तर मनस्वीला कळेल.' 'तू घे, पुरावा ठेवायला नको.' असं करत अख्खं ताट संपवलं. मग खिडक्या उघडल्या, पंखे लावले, उदबत्त्या पेटवल्या. मनस्वीने दारात पाऊल टाकलं आणि पहिलं वाक्य, 'आई, फिशचा वास येतोय.' हे म्हणतात, 'शेजारच्यांकडे असेल.' शेजारी आमच्या शहा आहेत. जैन. कांदासुद्धा आणत नाहीत घरात. पण पोरगी इतक्या आनंदात होती की तिच्या ध्यानातही आलं नाही.

टॅक्सीत बसताना ह्यांनी सवयीने मला हळूच विचारलं, 'पोट भरलंय ना?' मी म्हटलं, 'गळ्यापर्यंत.' म्हणाले, 'मग चल.'

पामबीच रोडवर उतरलो. हे मोठं हॉटेल, दारात उभा असलेला माणूस ह्यांना सलाम करतोय, ह्यांनीही त्याला सलाम केला. बसलो. टेबलाच्या मधोमध निखाऱ्यांची शेगडी आणि बाजूला एक लाकडी कोंबडा. मी मेन्यू कार्ड शोधतेय, म्हटलं ते सूप बघून ठेवावं, तर मनस्वी टाळी वाजवून म्हणाली, 'कार्डच नाही इथे! बुफे आहे, अनलिमिटेड. माणशी पैसे, पाहिजे तेवढं खायचं. आणि मी ते आधीच ऑनलाइन भरलेत, त्यामुळे बाबा, खिशात हात घालायचा नाही.'

टेबलाखाली ह्यांनी माझा हात धरला. हिशोबाचा माणूस! माणशी पैसे भरलेत, म्हणजे न खाल्लं तर पैसे बुडाले, आणि खाल्लं तर आम्ही बुडालो.

मी म्हटलं, सांगून टाकावं. आपलीच पोर आहे, हसेल. तोंड उघडणार, तेवढ्यात ती म्हणाली, 'आई, तुला माहितीय, शाळेत मुली सांगायच्या ना, आम्ही हॉटेलात गेलो, हे खाल्लं, ते खाल्लं. मी पण सांगायचे, आम्ही पण गेलो. पण घरून जेवून गेलो ते कधी सांगितलं नाही. मी तेव्हाच ठरवलं होतं, मला पगार मिळाला की तुम्हा दोघांना भुकेल्या पोटी हॉटेलात न्यायचं.' आणि डोळे भरले तिचे. आता सांगा, ह्यानंतर कुठल्या आईबापाच्या तोंडून बोंबील निघेल?

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी ह्यांच्याकडे बघितलं आणि आम्ही पदर खोचला. म्हणजे मी खोचला, ह्यांनी पट्टा सैल केला.

तो लाकडी कोंबडा काय प्रकार आहे माहितीये का? तो उभा असेपर्यंत वाढपी आणत राहतात, आडवा केला की थांबतात. कोलंबी आली, कबाब आले, पनीर आलं, अननससुद्धा भाजून आणला. 'सर, और एक? मॅडम, आप तो कुछ ले ही नहीं रहे.' हे हळूच कोंबडा आडवा करायचे, की मनस्वी लगेच उभा करायची, 'बाबा, लाजू नका हो!' पुन्हा आडवा, पुन्हा उभा. मग ह्यांनी शक्कल काढली, दोन घास झाले की उठायचं आणि हॉलला चक्कर मारून यायचं, जरा जागा व्हावी म्हणून. मनस्वीला वाटलं, बाबा अजून आणायला चाललेत. ती कौतुकाने ओरडायची, 'बाबा, तिकडे बिर्याणी पण आहे!' मग काय, चक्कर मारायला गेलेला माणूस बिर्याणी घेऊन परत. मी आपली पाणीपुरीच्या काउंटरशी उभी राहिले, म्हटलं पाण्याने तरी खाली उतरेल. पण शपथेवर सांगते, त्या सगळ्या गडबडीत मी आणि हे इतके हसलो, इतके हसलो, की पोरगी म्हणाली, तुम्हाला असं हसताना मी फक्त गच्चीत बघितलंय.

परतताना ह्यांना टॅक्सीत वाकून बसता येईना, मागून मी ढकललं. आणि मनस्वी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणते, 'आई, मला कल्पनाच नव्हती गं, तुम्हाला हे सगळं एवढं आवडतं. किती मन मारलंत माझ्यासाठी. आता नाही. ऑफर होती, मी सहा महिन्यांचं बुक करून टाकलंय, दर महिन्याचा पहिला रविवार.' पुढच्या सीटवरून ह्यांचा एक हुंकार आला. ती म्हणाली, 'बाबांना भरून आलं.' भरून आलंच होतं.

घरी येऊन ओवा चावला, सोडा प्यायलो, पार्किंगमध्ये येरझाऱ्या घातल्या, वॉचमनने विचारलं की साहेब काही हरवलंय का. आणि तिथेच ठरलं, झालं ते झालं, पुढच्या महिन्यात कडकडीत उपाशी जायचं. पैसे वसूल झाले पाहिजेत.

पुढच्या महिन्याचा पहिला रविवार आला. सकाळपासून नुसता चहा. मी पाण्याचा पेला उचलला तरी हे डोळे वटारतात. निघताना कुलूप लावताना काय म्हणाले माहितीये? 'पोट रिकामं आहे ना? मग चल.' गेलो. कोंबडा उभा केला. पहिला कबाब तोंडात टाकला आणि दोघांनाही अशी ॲसिडिटी चढली की विचारू नका. दिवसभराचा चहा छातीशी येऊन उभा. ह्यांनी कसाबसा दहीभात खाल्ला, मी काकडी. समोर एवढं सगळं मांडलेलं आणि आम्ही दोघं काकडी कुरतडतोय.

मनस्वीचं तोंड एवढंसं झालं. 'आवडलं नाही ना? मागच्या वेळी किती आनंदानं जेवलात... बाबा, तुम्ही पैशाचा विचार करताय ना?' आम्ही नाही नाही म्हणतोय, पण तिला कुठून पटणार? घरी येईपर्यंत पोरगी खिडकीतून बाहेर बघत बसली. आणि मला त्या ॲसिडिटीपेक्षा तेच जास्त जळलं.

ती झोपायला गेल्यावर हे ओट्याशी आले आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, 'जयमाला, मागच्या वेळी आधी बोंबलांनी पोट सैल केलं होतं, म्हणून जेवण गेलं.' मी म्हटलं, 'अहो, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का?' पण पुढच्या महिन्यात करून बघितलं... आणि गेलं हो! पोरगी इतकी खूश, वेटरला म्हणाली, माझे आईबाबा आहेत, त्यांना वाढा. तेव्हा आता काय करणार, अजून चार महिने आहेत आणि ती पुढचे सहा बुक करायचं म्हणतेय... महागाई एवढी वाढलीय आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही रात्रीचं दोनदा जेवतो.