एक दात मागे

नाव : ओळखपत्रावरचे नाव हवालदारांनी वेगळ्या कागदावर उतरवून घेतले आहे. जबाबात 'धाकटे मिस्त्री' असे लिहावे ही माझी विनंती, कारण मघाशी ओळखपत्रावरचे नाव दोनदा पुकारले तरी मी बाकावर तसाच बसून होतो.
वय : ५८ वर्षे.
धंदा : जुन्या स्पोर्ट्स गाड्यांची इंजिने दुरुस्त करणे.
राहणार : वर्कशॉपच्या वर, पहिला मजला, मागच्या जिन्याने.

मला समोर बसवून विचारल्यावरून मी माझ्या शब्दांत सांगतो की, वरील पत्त्यावर मी एका खोलीत राहतो आणि समोरच्या दोन खोल्यांत माझे थोरले भाऊ व वहिनी राहतात. भावांना मी दादा म्हणतो, बाकी सगळे थोरले मिस्त्री म्हणतात. त्यांचे वय ६६. माझे लग्न झालेले नाही. त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही, हवालदारांनी विचारले म्हणून सांगितले. वर्कशॉप वडिलांनी सुरू केले. त्यात दोन गाड्या मावतात. तिसरी आणली तर आम्हा दोघांपैकी एकाला बाहेर उभे राहावे लागते.

तक्रारदार वकीलसाहेब यांना मी नऊ वर्षे ओळखतो. त्यांची दोन सीटची, उघड्या टपाची लाल गाडी आमच्याकडेच येते. गाडी त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी आहे आणि गेल्या मंगळवारपर्यंत तिची तब्येत त्यांच्यापेक्षा बरी होती. हे वाक्य गाळावे असे हवालदार म्हणाले. मी म्हटले, खरे आहे ते राहू द्या.

तक्रारीत असे आहे की, थोरल्या मिस्त्रींना नीट दिसत नाही, ते त्यांनी लपवले, इंजिनाचे वाटोळे केले, आणि यापुढे त्यांना कोणत्याही गाडीला हात लावू देऊ नये. शिवाय दादांनी बुधवारी 'चूक माझी आहे' असा कागद वकीलसाहेबांना लिहून दिला आहे. कागदावरची सही दादांची आहे. मजकूर खोटा आहे. तेवढेच सांगायला मी आलो आहे. आज बोलावणे मला नव्हते, दादांना होते. ते बाहेर बाकावर बसले आहेत, त्यांचा नंबर बारा वाजता आहे. मी स्वतःहून ओळखपत्र दिले आणि त्यांच्या आधी आत शिरलो.

बिघाड टायमिंगचा आहे असे मी म्हटल्यावर, टायमिंग म्हणजे काय, असे हवालदारांनी विचारले. इंजिनात खालून पिस्टन वर येतो आणि वरून व्हॉल्व खाली उतरतो. आमच्या मागच्या जिन्यासारखे आहे. जिना अरुंद, एकाने उतरल्याशिवाय दुसऱ्याने चढायचे नाही. कोणी कधी यायचे हे चेन ठरवते. खाली एक दातेरी चाक, वर दोन, आणि त्यांच्यावरून सायकलला असते तशी चेन. प्रत्येक चाकावर एक खूण असते. खुणा जागच्या जागी आल्या की चेन बरोबर बसली. काही इंजिने एक दात चुकला तरी सोसतात, नुसती कुरकुरतात. वकीलसाहेबांच्या गाडीचे इंजिन सोसणाऱ्यातले नाही.

चेन बसवल्यावर इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचे आणि खुणा पुन्हा पाहायच्या, मगच चावी लावायची, असा आमच्याकडे नियम आहे. वडिलांनी तो भिंतीवर रंगाने लिहून ठेवला आहे. भिंतीला तीनदा चुना मारला, पण तेवढी जागा सोडून.

वरच्या चाकाचे बोल्ट सुटू नयेत म्हणून त्यांच्याखाली पातळ पत्र्याची पट्टी असते. बोल्ट आवळला की ती छिन्नीने वाकवून बोल्टला चिकटवायची. दादा दोन ठोक्यांत वाकवतात. मला तीन लागतात. चाळीस वर्षांत मला ते दोनात जमले नाही.

दोन वर्षांपूर्वी एका जांभळ्या गाडीची चेन दादांनी बसवली. ते जेवायला वर गेले असताना मी सहज खूण पाहिली, तर ती एक दात पुढे होती. गाडीत बसवलेल्या इंजिनाची खूण सरळ दिसत नाही, रेडिएटरच्या फटीतून हातभर दांड्याचा आरसा घालून पाहावी लागते. दादांच्या उजव्या डोळ्यापुढे धुके आले होते. ते डाव्या डोळ्याने, मान वाकडी करून आरशात पाहत, आणि तसे पाहिले की खूण बरोबर एक दात सरकलेली दिसते. दोन फेरे फिरवूनही त्यांना तीच चूक बरोबर दिसत असे. ठिणगीचे टायमिंग ते कानाने लावतात, त्यात केसाचाही फरक पडला नव्हता, म्हणून बाहेर कोणाला कळले नाही.

त्या दिवशी मी खूण जागेवर आणली, पत्रा पुन्हा वाकवला, झाकण बसवले आणि जेवायला वर गेलो. दादांना सांगितले नाही. जे दादांनी मला शिकवले तेच त्यांना येत नाही असे मी त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार होतो? त्यानंतर दोन वर्षांत त्यांनी आणखी आठ चेन बसवल्या. आठही एक दात पुढे. दादा चुकले तरी शिस्तीने चुकतात. प्रत्येक वेळी ते जेवायला गेले की मी एक दात मागे घेत असे. वहिनी विचारत, भावोजी, तुम्ही आज पुन्हा गार जेवण का जेवता? मी म्हणायचो, मला गारच आवडते. यातले दादांना काही ठाऊक नव्हते.

गेल्या सोमवारी वकीलसाहेबांच्या गाडीची नवी चेन दादांनी बसवली. दुपारी एक वाजता ते वर गेले. मी झाकण काढले. आरसा जागेवर नव्हता, तो दादांच्या शर्टाच्या खिशात वर गेला होता. वर जाऊन मागितला असता तर कशाला हवा ते सांगावे लागले असते. मी खूण पाहिली नाही. बोटाने दात मोजून चाक एक दात मागे घेतले. नऊ वेळा तेच केले होते, दहाव्यांदा पाहायचे काय, असे मला वाटले. बोल्ट आवळून पत्रा वाकवला तोवर जिन्यावर दादांची पावले वाजली, रोजच्यापेक्षा दहा मिनिटे लवकर. मी झाकण बसवले. हाताने दोन फेरे फिरवले नाहीत. समोर भिंतीवर लिहिलेले होते. तिकडे मी कानाडोळा केला.

चार वाजता दादांनी इंजिन चालू केले आणि ठिणगी लावायला कान दिला. नेहमी त्यांना दोन मिनिटे पुरतात. सोमवारी पंधरा मिनिटे लागली. मग ते मला म्हणाले, "आवाज जड लागतोय रे."

मी म्हटले, "नवी चेन आहे. बसेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि बोनेट लावले. आजवर त्यांनी स्वतःच्या कानापुढे कोणाचे ऐकले नव्हते, वडिलांचेही नाही. त्या दिवशी माझे ऐकले.

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास वकीलसाहेब गाडी घेऊन गेले. पाऊण तासाने त्यांचा फोन आला. चढावर गाडी जोरात काढली तेव्हा डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज झाला आणि इंजिन बंद पडले. कोणाला इजा नाही. बुधवारी वकीलसाहेबांच्या समक्ष आम्ही इंजिन उघडले. आठपैकी सहा व्हॉल्व वाकले होते, दोन पिस्टनना भोके पडली होती. दादांनी आरसा घातला, खूण पाहिली आणि म्हणाले, "एक दात मागे."

मग त्यांनी वाकवलेल्या पत्र्यावरून बोट फिरवले. वकीलसाहेबांनी विचारले, कोणी बसवली? दादा म्हणाले, "मी. चूक माझी. धाकट्याचा यात हात नाही." त्यांनीच कागद मागून घेतला आणि बोनेटवर ठेवून लिहिला. मी तिथे मूग गिळून उभा होतो. तेव्हा मला वाटले होते की या खेपेला दादा पुढे नाही, मागे चुकले असतील, आणि माझ्यामुळे ते वाढले असेल. तसे असते तर खूण दोन दात मागे दिसली असती, हिशेब जुळत नव्हता, तरी मी तो जुळवून घेतला, कारण तो माझ्या सोयीचा होता.

त्या संध्याकाळी दादांनी आपले सगळे पाने रॉकेलने पुसले, फडक्यात गुंडाळले आणि माझ्या टेबलावर ठेवले. गुरुवारपासून ते खाली उतरलेले नाहीत. पाने मी तसेच ठेवले आहेत. मला ते उघडवत नाहीत.

शनिवारी दुपारी वहिनींना कामावरून यायला उशीर होणार होता. त्यांनी फोन करून मला सांगितले की, चार वाजता ह्यांच्या उजव्या डोळ्यात थेंब टाका. मी विचारले, कसले थेंब? वहिनी म्हणाल्या, ऑपरेशनचे. मग त्यांनी सांगितले की, गेल्या महिन्यात चार दिवस माहेरी भावाकडे जातो म्हणून आम्ही गेलो, ते दवाखान्यात गेलो होतो. त्यानंतर दादा काळा चष्मा लावून फिरत होते. मी समजलो होतो की दिसणे आणखी कमी झाले.

मी समोरच्या खोलीत गेलो. दादा आडवे झाले होते. बाटलीवरची तारीख मला चष्मा लावूनही वाचता येईना. दादांनी ती माझ्या हातातून घेतली, उजव्या डोळ्यासमोर धरली आणि घडाघडा वाचून दाखवली. तेव्हा माझ्या लक्षात आले की सोमवारी खूण बरोबर होती. दादांनी ती नव्या डोळ्याने पाहून, दोन फेरे फिरवून, बरोबर बसवली होती. बिघडवली मी. पहिले दोन थेंब त्यांच्या गालावर पडले, तिसरा डोळ्यात गेला. दादांनी गाल पुसला.

मला याची लाज वाटते असे लिहून घ्यावे. हवालदार म्हणाले, जबाबात असे लिहीत नाहीत. मी म्हटले, लिहा. त्यांनी लिहिले आहे.

तरी माझे सांगणे असे की, थोरल्या मिस्त्रींच्या हातून या गाडीत चूक झालेली नाही. त्यांचा बुधवारचा कागद धरू नये. गाडीला हात लावायची बंदी घालायचीच असेल तर ती माझ्यावर घालावी. इंजिन मी पुन्हा उभे करून देईन, पण खुणा दादा पाहणार असतील तरच.

एवढ्यावर जबाब मला वाचून दाखवला. मी सांगितल्याप्रमाणे लिहिला आहे असे मी म्हणालो. हवालदारांनी सहीला पेन पुढे केले. मी विनंती केली की तो पुन्हा एकदा वाचावा, आमच्याकडे एकदा पाहिलेले धरत नाहीत, आणि वाचताना दार उघडे ठेवावे, खोलीत उकडते आहे. खोलीत पंखा चालू होता, परंतु हवालदारांनी दार उघडले आणि मोठ्याने वाचले.

दुसऱ्या वाचनात, 'यातले दादांना काही ठाऊक नव्हते' या वाक्याला थोरले मिस्त्री बाहेरच्या बाकावरून म्हणाले, "हे चूक आहे. जांभळ्या गाडीपासून ठाऊक आहे. पत्र्यावर तीन ठोके होते."

मग दोन वर्षे बोलला का नाहीत, असे हवालदारांनी त्यांना विचारले.

दादा म्हणाले, "तोही बोलला नाही."

सबब ते वाक्य खोडले आहे व खोडल्या जागी माझी सही घेतली आहे. बाकी मजकूर दोन्ही वेळा ऐकला. आता बरोबर आहे.

सही : धाकटे मिस्त्री