पहिली सही

डेल : ...सगळं खोरं मागं, आणि छाती काढून पुढं कोण? मी! अर्जावर पहिली सही माझी. म्हटलं, घाबरता कशाला, वीज आयोगात माझी बहीण बसलीय.

लॉर्ना : दादा, पुरे आता.

डेल : दोन निवडणुकांत तुझ्या पाट्या कुंपणाकुंपणाला मी ठोकल्या. आयोगाच्या पाच खुर्च्यांतली एक आपली, असं सांगत फिरलो. आणि सुनावणीच्या दिवशी तू उठून दाराबाहेर!

लॉर्ना : सख्खा भाऊ अर्जदार असला की उठावंच लागतं. नियम आहे.

रूथॅन : अगं, मग आधी सांगायचं ना त्याला, सही करू नको म्हणून.

लॉर्ना : मला कळलं तेव्हा सही झालेली होती, वहिनी. आणि आधी कळलं असतं तरी तसं सांगता आलं नसतं. ती संगनमतच झाली असती.

डेल : राहिले चौघं. दोन इकडं, दोन तिकडं. बरोबरी झाली की अर्ज फेटाळला जातो, हे मला काय ठाऊक? वणव्यात खांब जळाले, ते कंपनीनं पुन्हा उभे करावेत, एवढंच तर मागत होतो.

रूथॅन : खांबांऐवजी घरटी सोलर अन् बॅटरी देतायत म्हणे. शिवाय जनरेटर.

डेल : जानेवारीत उणे तीसमध्ये बॅटरीवर खोल विहिरीचा पंप ओढेल का? शेजारचा क्लाईड आता फाटकाशी गाडीसुद्धा थांबवत नाही. चर्चमध्ये आयडाबाई बाक बदलून बसल्या. तू बसली असतीस तर तीनास दोन झालं असतं, लॉर्ना! पोरालाही कळेल असं गणित. एका सहीनं मी अकरा घरं बुडवली.

रूथॅन : झोपत नाही. गाई विकायला काढल्यात. म्हणतो, या खोऱ्यात राहू कोणत्या तोंडानं?

लॉर्ना : गाई? आईच्या कळपातल्या?

डेल : त्याच. शनिवारी ट्रक येतोय.

लॉर्ना : दादा, ऐक. प्रकरण बंद झालं तरी मी त्याबद्दल कधी बोलत नाही. आज बोलते. मी बसले असते तरी अर्ज पडलाच असता.

डेल : म्हणजे?

लॉर्ना : कागद मी आधीच वाचले होते. माझं मत तुमच्या बाजूनं नव्हतं.

डेल : माझी समजूत घालू नको.

लॉर्ना : अकरा घरांसाठी चाळीस मैल खांब. तो खर्च राज्यातल्या सगळ्यांच्या बिलात जातो. पूर्वेकडच्या गावांत म्हाताऱ्या हिवाळाभर एकच खोली तापवून बसतात, दादा. त्या सुनावणीला येत नाहीत. त्यांच्या वतीनं कुणी तरी बसायला हवं, म्हणून मी तिथं बसते.

डेल : आणि आम्ही कोण?

लॉर्ना : तुम्ही माझे. म्हणून तर उठले.

डेल : पाट्या ठोकताना अंगठा फुटला होता माझा. फुकट फुटला.

(टोपी उचलून डेल बाहेर जातो. जाळीचं दार आपटतं.)

रूथॅन : गोठ्याकडं गेला. बघ, कित्येक दिवसांनी ताठ चालतोय. रागानं का होईना.

लॉर्ना : क्लाईडला फोन कर, वहिनी. सांग, लॉर्ना आतून कंपनीकडचीच निघाली. डेलच्या सहीनं काही बिघडलं नाही. आयडाबाईंनाही सांग.

रूथॅन : या खोऱ्यात तुला कुणी पाणी विचारणार नाही मग.

लॉर्ना : नको विचारू दे.

रूथॅन : एक सांग. त्याच्यासाठी खोटं बोललीस ना? नुसती मान हलव. माझ्यापाशीच राहील.

लॉर्ना : नाही, वहिनी.

रूथॅन : म्हणजे खरंच...?

लॉर्ना : खरंच.

रूथॅन : हिवाळ्यात मी इथं बादल्यांनी बर्फ वितळवत बसेन, हे माहीत असून?

लॉर्ना : माहीत असून.

रूथॅन : मग यंदा थँक्सगिव्हिंगच्या सणाला जेवायला येऊ नकोस, लॉर्ना. मला तुला वाढायला जमणार नाही.

लॉर्ना : बरं. निघते मी. अंधाराच्या आत घाट उतरायला हवा.