मी त्याले माफ नाही केलं

माहं नाव सुलोचना. माहेर इथलंच, कोहमाऱ्याच्या बाजूचं. बौद्धाचं घर आमचं, माय-बाबू दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत रोवना कराले जात, मीही जाओ. त्या बांध्या तिलकचंदच्या घरच्या. पोवार लोक, जमीनवाले. तो ट्रॅक्टर चालवे अन् आमच्यापाशी आला का बंद करून उभा राहे, मशीन गरम झाली मने. रोज कशी गरम होईन बाई मशीन?

आमचं जमलं तं त्याच्या भावायनं त्याले घरातून काढलं. माह्या बाबूनं मनलं, चार दिवस ठेवीन अन् सोडून देईन तो तुले. नाही सोडलं. गोंदियाले कोर्टात लगन केलं, कोहमाऱ्याच्या नाक्यावर खोली घेतली, तो ट्रकावर लागला. रायपूरवरून येताना जिलेबी आने, पार थंडी झालेली, अन् मले बसवून सोता चुलीवर गरम करून दे. मी खोटं कायले सांगू, ते दिवस चांगलेच होते. रंजू तेव्हाच झाली आमाले.

मंग त्याची माय मेली. भावायनं त्याले तिरडीले हात लावू नाही दिला. तथून तो दारू पेवाले लागला. कारन सांगून राहिली मी तुमाले, सफाई नाही देऊन राहिली. मार कोनाले चुकत नाही असं मनत बाया, मीही मनो. पन एक दिवस दुपारी त्यानं चुलीपासचं लाकूड उचललं अन् माहा उजवा हात मोडला. रंजू दारात उभी होती, शाळेच्या कपड्यावर. हात लोंबत होता तसाच, दुसऱ्या हातानं पोरगी धरली अन् ठान्यात गेली. सारे मनत, रिपोट वापस घे, नवरा हाये. नाही घेतली. त्याले आत टाकलं, मी मायच्या घरी गेली.

हात वाकडाच जुडला. त्याच हातानं ढाब्यावर पोळ्या लाटल्या, रंजूले शिकवलं, खोली बांधली. तो सुटून कुठं गेला, कोनाले इचारलं नाही म्या. काय सांगू तुमाले, आठवन येत नव्हती असं नाही. येत होती. त्या आठवनीचाही राग ये.

मंग लय वर्सानं ढाब्यावर आला, दुपारच्याच टायमाले. वाळलेला, केस पिकलेले. रक्ताची उलटी झाली होती, दवाखान्यात पडून होता, तवापासून दारू सोडली. हे मले मागून समजलं, त्यानं नाही सांगतलं. मी मनलं, काय पायजे. मने, जेवन. वाढलं. दुसऱ्या दिवशी परत आला. महिने गेले असे, जेवे अन् जाये. एक दिवस माह्या हाताकडे पाहत होता, मने, दुखते का वो? मी मनलं, हिवाळ्यात दुखते, जवळ ये अन् नीट पाह, मान खाली नको घालू. पाहिलं त्यानं. लय वेळ पाहिलं. मंग परातीपाशी बसला अन् कनिक मळाले लागला. ढाब्याचा मालक हासला. मी नाही हासली.

मीच मनलं त्याले मंग, राहाचं असन तं माह्या खोलीत राहा, घर माह्या नावाचं हाये, वास आला का त्याच दिवशी पिशवी बाहेर. अन् माफी नको मागू, मी देनार नाही. तो मने, बरं.

त्याचा मोठा भाऊ गाडी घेऊन आला. तिलक, तुह्या हिस्स्याची जमीन हाये, ह्या बाईले सोड अन् घरी चाल. हा पिठाच्या हातानंच बाहेर गेला, मने, भाऊ, जेवाचं असन तं बसा. बाकी ह्या बाईनं सोडलं तं गोष्ट वेगळी, मी नाही सोडत.

गावच्या बाया मले मनत, काऊन वो, तुले काही इज्जत हाये का नाही? मी मनतो, इज्जत होती मनून त्याले सोडून गेली, अन् आवडते मनून आनला, तुमाले इचारून ना गेली ना आनला. माफ केलं नाही अन् आवडतेही, दोन्ही खरं हाये. लोकाले एकच पायजे राहते.

पन रंजूपुढं माहं चालत नाही. ती गोंदियाले दवाखान्यात नर्स हाये. मने, माय, तो घरात असन तवरी मी पाय नाही ठेवनार. मी मनलं, नको ठेवू, तू पाहिलं हाये, तुले कोन जबरदस्ती करीन? मी येईन तुह्याकडं. दर इतवारी जातो. तो मले स्टँडवरी सोडून देते, पोरगी कशी हाये इचारत नाही, बस सुटेवरी उभा राहते. तिथं रंजू माह्या हाताले तेल लावून देते, तीही त्याचं नाव काढत नाही. दोघाचंही मी ऐकतो अन् दोघाचंही ऐकत नाही. ती तिच्या जागी बरोबर हाये, बाई. तिचं भलं होवो, तिले असा निवाडा कधी करा नाही लागो. मी माहा केला.